कोरडा नळ आणि कामगाराचा हक्क

कामाच्या ठिकाणी पिण्यासाठी, हातपाय धुण्यासाठी आणि स्वच्छतागृहासाठी पाणी मिळणे ही मालकाच्या मेहेरबानीची बाब नसून कायद्याने त्याच्यावर टाकलेली जबाबदारी आहे, आणि महापालिकेचे पाणी आले नाही, बोअरवेल आटली किंवा पंप जळाला एवढ्याने ती जबाबदारी संपत नाही. भारतीय कामगार कायद्यात हे तत्त्व 75 वर्षांहून अधिक काळ लिहिलेले आहे. तरीही देशातील लहानमोठ्या कारखान्यांत, बांधकामांवर, गोदामांत आणि दुकानांत पाण्याची गैरसोय ही कामगाराने मुकाट्याने सोसायची गोष्ट मानली जाते. पगार थकला तर कामगार बोलतो, बोनस बुडाला तर संघटना उभी राहते. मात्र दिवसभर पाणी मिळाले नाही, तर घरून आणलेल्या बाटलीवर भागवण्याचा मार्ग निवडला जातो. कायदा आणि व्यवहार यांच्यातील हे अंतर कसे पडते आणि ते कामगाराला कसे कमी करता येते, हे समजून घेण्यासाठी छत्तीसगडमधील भिलाई शहरातील खुर्सीपार हा भाग विचारात घेण्याजोगा आहे, कारण तेथे कामगारांची वस्ती, अवजड उद्योग, कंत्राटी पद्धत आणि पाण्याचा प्रश्न या चारही गोष्टी एकमेकींना लागून आहेत.

पोलादाच्या शेजारची वस्ती

1955 मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून भिलाई पोलाद कारखान्याची उभारणी सुरू झाली आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याच्या कायम कर्मचाऱ्यांसाठी सेक्टरांमध्ये विभागलेली आखीव नगरी बांधली गेली, आणि कारखाना उभारण्यासाठी व पुढे चालवण्यासाठी जे मजूर देशभरातून आले, त्यांच्यापैकी अनेकांच्या वस्त्या या नगरीच्या कडेने वाढत गेल्या. खुर्सीपार हा त्यांतला एक मोठा भाग होय. छत्तीसगडी आणि हिंदी भाषकांबरोबर तेलुगू, ओडिया, भोजपुरी आणि मराठी बोलणारी कुटुंबे या शहरात आहेत. नागपूरच्या भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडचा विदर्भाशी संबंध असल्याने आणि मुंबई-हावडा लोहमार्गामुळे नागपूर, भंडारा, गोंदिया येथून येणेजाणे सोपे असल्याने मराठी कामगारांना हा मुलूख परका नव्हता. भिलाई महापालिकेच्या ज्या विभागात खुर्सीपार येते, त्याचे नावच शिवाजीनगर आहे.

या शहराची पाणीव्यवस्था एकसंध नाही. पोलाद कारखाना आणि त्याची नगरी यांना मरोदा येथील जलाशयांतून कारखान्याच्या स्वतःच्या यंत्रणेमार्फत पाणी मिळते, तर उरलेल्या शहराला महापालिका मुख्यतः शिवनाथ नदीचे पाणी पुरवते. परिणामी एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना राहणाऱ्यांना आणि एकाच कारखान्यात शेजारी शेजारी राबणाऱ्यांना मिळणाऱ्या पाण्याचा धनी वेगळा असू शकतो. औद्योगिक क्षेत्रातील फॅब्रिकेशनची शेड, फाउंड्री आणि रोलिंग मिल यांचा पाण्याचा आधार बहुधा बोअरवेल आणि टँकर हाच असतो. मे महिन्यात तापमान 44 अंशांच्या आसपास जाते, तेव्हा भट्टीजवळ किंवा पत्र्याच्या छताखाली काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पाणी ही सोय राहत नाही, ती सुरक्षिततेची गरज बनते.

पाणी अनियमित येते तेथे ते साठवले जाते, आणि साठवणूक नीट नसेल तर तिच्यातून वेगळेच संकट उभे राहते. 2018 च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची मोठी साथ आली आणि खुर्सीपार हा तिची सर्वाधिक झळ लागलेल्या भागांपैकी एक होता. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, म्हणून उघडे ड्रम, न झाकलेल्या टाक्या आणि आठवडाभर न उपसलेले हौद हे घरात जितके धोक्याचे, तितकेच कारखान्याच्या आवारातही धोक्याचे असतात. पाणी उपलब्ध करून देणे आणि ते सुरक्षित ठेवणे ही दोन्ही कामे कायद्याने मालकावर एकत्र का सोपवली आहेत, हे यावरून समजते.

चार प्रकारचे पाणी

कामाच्या ठिकाणी पाणी नाही, या तक्रारीचा अर्थ नेमका लावायचा तर पाण्याचे चार उपयोग वेगळे करावे लागतात: पिण्याचे, धुण्याचे, स्वच्छतागृहाचे आणि प्रक्रियेचे, म्हणजे यंत्रे थंड ठेवण्यासाठी, वायू धुण्यासाठी किंवा माल तयार करण्यासाठी लागणारे. पुष्कळ कारखान्यांत प्रक्रियेचे पाणी भरपूर असते आणि पिण्याचे मात्र नसते. अशा वेळी कूलिंगच्या टाकीतले किंवा न तपासलेल्या बोअरवेलचे पाणी कामगार पितात आणि व्यवस्थापन आवारात पाणी असल्याचे सांगून मोकळे होते. हा बचाव टिकत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस 10500 हे मानक असून त्यानुसार 100 मिलीलीटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू अजिबात आढळता कामा नये, आणि विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लीटरमागे 500 मिलीग्रॅमपर्यंत असणे इष्ट मानले जाते. दुसरा स्रोतच नसेल तर ते 2000 पर्यंत चालवून घेतले जाते.

किती पाणी लागते याचाही हिशेब मांडलेला आहे. इमारतींच्या पाणीपुरवठ्याविषयीच्या आयएस 1172 या मानकाने न्हाणीघरांची गरज असलेल्या कारखान्यासाठी दर माणशी दररोज 45 लीटर आणि न्हाणीघर नसलेल्या कारखान्यासाठी 30 लीटर पाणी गृहीत धरले आहे. याचा अर्थ 50 कामगारांच्या शेडला केवळ माणसांसाठी रोज 1500 ते 2250 लीटर पाणी हवे, आणि 5000 लीटरचा एक टँकर तेथे जेमतेम दोन-तीन दिवस पुरेल. पिण्याची गरज त्यामानाने थोडी असली तरी तीच सर्वांत तातडीची असते. कडक उन्हात किंवा भट्टीसमोर जड काम करणाऱ्याने दर 15 ते 20 मिनिटांनी एक पेलाभर, म्हणजे तासाला पाऊण ते एक लीटर पाणी प्यावे, असे व्यावसायिक आरोग्याचे तज्ज्ञ सांगतात. आठ तासांच्या पाळीला घरून आणलेली एक लीटरची बाटली का पुरत नाही, याचे उत्तर या आकड्यात आहे.

पाण्याच्या अभावाची किंमत स्त्रियांना अधिक मोजावी लागते. स्वच्छतागृह नसेल किंवा तेथे पाणी नसेल तर स्त्रिया कामाची पाळी संपेपर्यंत पाणीच पीत नाहीत, आणि त्यामुळे मूत्रमार्गाचा संसर्ग, उष्माघाताचा वाढता धोका आणि मासिक पाळीच्या दिवसांत कामावर खाडा हे सारे एकामागून एक ओढवते. स्वच्छतागृहाचे दार आहे पण आत पाणी नाही, ही अवस्था कायद्याच्या दृष्टीने सोय पुरवली गेली नसल्याचीच आहे.

कायद्याची चौकट

1948 च्या कारखाने अधिनियमाने या विषयाची जी चौकट घालून दिली, तिचा तपशील आजही उपयोगी आहे. त्याच्या कलम 18 नुसार प्रत्येक कारखान्यात कामगारांना सोयीच्या ठिकाणी पुरेसे आणि आरोग्यदायी पिण्याचे पाणी पुरवण्याची व ते टिकवण्याची परिणामकारक व्यवस्था असणे आवश्यक होते. अशा प्रत्येक जागेवर बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत पिण्याचे पाणी अशी पाटी लागत होती. आणि ती जागा धुण्याची जागा, मुतारी, शौचालय, पिकदाणी किंवा सांडपाण्याचे उघडे गटार यांच्यापासून 6 मीटरच्या आत असू शकत नव्हती, मुख्य निरीक्षकाने लेखी परवानगी दिली असेल तरच हे अंतर कमी करता येत होते. 250 पेक्षा अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात पाणी थंड करून देण्याची सोयही बंधनकारक होती. कलम 19 स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र, बंदिस्त, उजेडाची, हवेशीर आणि कोणत्याही वेळी वापरता येतील अशी शौचालये व मुताऱ्या मागत होते, तर कलम 42 हातपाय धुण्याच्या स्वतंत्र व आडोसा असलेल्या जागा. शौचालयांच्या संख्येबाबत सर्वसाधारण प्रमाण 25 स्त्रियांमागे एक असे असून पुरुषांसाठीही पहिल्या शंभरापर्यंत तेच होते.

6 मीटर म्हणजे साधारण आठ-नऊ पावले. कामगाराने पाण्याच्या माठापासून जवळच्या गटारापर्यंत चालून पाहिले तरी कारखाना कायदा पाळतो की नाही, याची पहिली तपासणी त्याला कोणत्याही उपकरणाविना करता येते.

21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्र सरकारने चार कामगार संहिता अमलात आणल्या आणि कारखाने अधिनियम, खाण अधिनियम, कंत्राटी कामगार अधिनियम, बांधकाम कामगार अधिनियम यांच्यासह तेरा कायद्यांची जागा व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, 2020 या एका कायद्याने घेतली. संहिता म्हणजे एका विषयावरील अनेक जुने कायदे एकत्र करून केलेला नवा कायदा. नव्या संहितेशी विसंगत नसलेले जुने नियम संक्रमणाच्या काळात चालू राहतील, अशी तरतूद तिच्यात आहे. पिण्यायोग्य पाणी आणि स्त्री, पुरुष व तृतीयपंथी कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे यांची जबाबदारी संहितेच्या कलम 23 ने, तर धुण्याच्या व अंघोळीच्या सोयींची कलम 24 ने मालकावरच ठेवली आहे. सर्वसाधारण उल्लंघनासाठी 2 ते 3 लाख रुपये दंड असून उल्लंघन पुढे चालू राहिल्यास दररोज 2000 रुपये अधिक दंड होऊ शकतो. जुन्या अधिनियमात सामान्य शिक्षेच्या कलमाखाली 2 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. नव्या संहितेत अशा उल्लंघनासाठी केवळ दंड राहिला, ही बाब कामगार संघटनांना खटकते आणि त्यात तथ्य आहे.

या संरक्षणाची सर्वांत मोठी मर्यादा संख्येची आहे. संहिता साधारणपणे 10 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. आस्थापना म्हणजे उद्योग, व्यापार किंवा व्यवसाय चालणारी जागा. दुकाने व कार्यालये यांच्यासाठी महाराष्ट्राने आणि छत्तीसगडने 2017 मध्ये जे स्वतंत्र कायदे केले, त्यांचीही मर्यादा मुळात 10 कामगारांचीच होती. आठ माणसांचे वेल्डिंगचे दुकान किंवा सहा जणींचे मसाल्याचे युनिट या रेषेच्या खाली राहते, आणि तेथील कामगाराला संविधानाच्या कलम 21 मधील जीविताचा अधिकार, महापालिकेची आरोग्य यंत्रणा आणि संघटनेचे बळ यांच्यावर भिस्त ठेवावी लागते. स्वच्छ पाणी आणि हवा हा जीविताच्या अधिकाराचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या 1991 च्या प्रकरणात म्हटले आहे, आणि कामगाराचे आरोग्य हाही त्याच अधिकाराचा भाग असल्याचे 1995 च्या ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

नळ नसलेल्या खाणींचा निकाल

जेथे नळ पोहोचलेलाच नाही तेथे मालकाने काय करावे, या प्रश्नाचे सर्वांत ठोस उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 16 डिसेंबर 1983 रोजी बंधुआ मुक्ती मोर्चा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात दिले. फरिदाबाद परिसरातील दगडखाणींमध्ये वेठबिगारासारखे राबणाऱ्या मजुरांची स्थिती एका पत्रातून न्यायालयापुढे आली आणि ते पत्रच याचिका मानले गेले. मजूर दूषित पाणी पीत असल्याचे चौकशीत दिसले. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने कामगारांच्या हक्काचे तत्त्व मांडून न थांबता व्यवस्थेचा तपशीलच ठरवून दिला: खाणीवर प्रत्येक मजुरामागे किमान 2 लीटर पाणी असावे, ते सावलीत आणि सहज पोहोचता येईल अशा जागी स्वच्छ भांड्यांत ठेवावे, भांडी रोज रिकामी करून, घासून पुन्हा भरावीत, आणि जवळ शुद्ध पाण्याचा स्रोत नसेल तर खाणमालकाने ते टँकरने आणावे.

या निकालाचे मोल असे की पाइपलाइन नाही हे कारण त्याने निकामी करून टाकले. सरकारी यंत्रणेने मालकाला पाणी भरून घेण्यासाठी जागा उपलब्ध करून द्यावी, पण ते मजुरापर्यंत पोहोचवण्याचे काम आणि खर्च मालकाचा, अशी विभागणी न्यायालयाने केली. छत्तीसगडशीही या प्रकरणाचा जवळचा संबंध आहे: फरिदाबादच्या खाणींतून मुक्त होऊन परतलेल्या 135 मजुरांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढच्याच वर्षी नीरजा चौधरी विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात न्यायालयापुढे आला, आणि ते मजूर तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या बिलासपूर जिल्ह्यातील होते.

महाराष्ट्राला या तत्त्वाची कसोटी 2016 मध्ये पाहायला मिळाली. मांजरा धरण आटल्यामुळे लातूर शहराचा पाणीपुरवठा कोलमडला आणि 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून सुमारे 5 लाख लीटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात पोहोचली. 2019 च्या उन्हाळ्यात चेन्नईतील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांनी टँकरही मिळेनासे झाल्यावर कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगितले. संगणकावरचे काम घरी नेता येते, भट्टीवरचे नेता येत नाही, आणि म्हणून टंचाईच्या काळात पाणी आणणे, साठवणे, तपासणे किंवा तेवढ्या काळापुरते काम थांबवणे एवढेच पर्याय कारखानदारापुढे उरतात. कामगाराला पाण्याविना राबवणे हा त्यांपैकी पर्याय नाही.

कंत्राटी कामगाराचे पाणी कोणाचे

खुर्सीपारसारख्या वस्तीतून कामावर जाणाऱ्यांपैकी पुष्कळ जण कारखान्याच्या हजेरीपटावर नसतात. त्यांची हजेरी ठेकेदाराचा मुकादम घेतो, आणि पाण्याची तक्रार केली की कारखाना ठेकेदाराकडे व ठेकेदार कारखान्याकडे बोट दाखवतो. 1970 च्या कंत्राटी कामगार अधिनियमाने यावर उत्तर दिले होते. पिण्याचे पाणी, शौचालय आणि धुण्याची सोय ठेकेदाराने करावी. त्याने ती ठराविक मुदतीत केली नाही तर मुख्य नियोक्त्याने, म्हणजे ज्याच्या आवारात व ज्याच्यासाठी काम चालते त्या कंपनीने, ती करावी आणि खर्च ठेकेदाराकडून वसूल करावा, असे त्याच्या कलम 20 मध्ये होते. नव्या संहितेने हा वळसा काढून टाकून कलम 53 अन्वये या सोयी पुरवण्याची जबाबदारी थेट मुख्य नियोक्त्यावर ठेवली, आणि ही तिची जमेची बाजू मानावी लागेल. उणी बाजू अशी की कंत्राटी कामगारांविषयीचे हे प्रकरण आता 20 ऐवजी 50 किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तेथेच लागू होते.

भिलाईत कंत्राटी मजुरांचा प्रश्न रक्ताने लिहिला गेला आहे. भिलाई कारखान्याच्या दल्ली राजहरा येथील लोहखाणींतील कंत्राटी मजुरांना 1977 पासून संघटित करणाऱ्या शंकर गुहा नियोगी यांनी त्या मजुरांच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल उभे केले, आणि वेतनाबरोबर आरोग्य हाही कामगार संघटनेचा विषय आहे हे दाखवून दिले. नंतर भिलाईच्या खासगी कारखान्यांतील मजुरांचा लढा उभारत असताना 28 सप्टेंबर 1991 रोजी त्यांची हत्या झाली, आणि 1 जुलै 1992 रोजी भिलाई पॉवर हाउस स्थानकाजवळ रुळांवर बसलेल्या आंदोलकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात 16 कामगार मृत्युमुखी पडले. कायम नोकरी, जगण्यापुरते वेतन आणि माणसासारखी वागणूक या त्यांच्या मागण्या होत्या. प्यायला पाणी आणि धुवायला जागा ही त्या वागणुकीची पहिली पायरी आहे. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भिलाई कारखाना चालवणाऱ्या भारतीय पोलाद प्राधिकरणाच्याच एका खटल्यात कंत्राटी पद्धत बंद केल्याने कामगार आपोआप कायम होत नाहीत असे ठरवले. कायम नोकरीचा रस्ता त्यामुळे अवघड झाला, तरी पाण्याचा हक्क त्यावर अवलंबून नाही. तो आवारात काम करण्यामुळे मिळतो.

प्रक्रियेचे पाणी थांबते तेव्हा

12 जून 2014 रोजी भिलाई पोलाद कारखान्यातील एका पंपघरात बिघाड होऊन पाण्याचा दाब घसरला. झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला विषारी वायू असतो आणि तो वायू धुण्याच्या यंत्रणेत पाणीच त्याला अडवून धरण्याचे काम करते; पाण्याचा दाब गेल्यावर वायू बाहेर पसरला आणि दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांसह 6 जणांचा मृत्यू झाला. अवजड उद्योगात पाणी खंडित होणे ही केवळ तहानेची समस्या नसते, याचे याहून कठोर उदाहरण क्वचितच सापडेल.

अशा प्रसंगी कामगाराला काय करता येते, याचे उत्तर भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर कायद्यात आले. 1987 च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात कामगाराला आरोग्य व सुरक्षिततेची माहिती मागण्याचा, निरीक्षकाकडे थेट दाद मागण्याचा आणि धोकादायक प्रक्रियेत निकटचा धोका दिसल्यास इशारा देण्याचा हक्क मिळाला, तसेच तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधन निरीक्षकावर आले. नव्या संहितेच्या कलम 14 नुसार कोणत्याही कर्मचाऱ्याला जिवाला किंवा आरोग्याला निकटचा गंभीर धोका असल्याची वाजवी शंका आली, तर तो मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षक-नि-सुलभकाला, म्हणजे तपासणीबरोबर मार्गदर्शन करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, ती कळवू शकतो. मालकाला धोका पटला तर त्याने तत्काळ उपाय करायचा, न पटल्यास प्रकरण त्या अधिकाऱ्याकडे पाठवायचे, आणि अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम राहतो.

काम बंद, पगार चालू?

पाणी नाही म्हणून कारखान्याने कामगारांना परत पाठवले, तर त्या दिवसाच्या पगाराचे काय, हा प्रश्न व्यवहारात सर्वांत आधी विचारला जातो. कोळसा, वीज किंवा कच्च्या मालाची टंचाई, यंत्राचा बिघाड, नैसर्गिक आपत्ती किंवा अशाच संबंधित कारणाने पटावरील कामगाराला काम देता न येणे याला कायदा ले-ऑफ म्हणतो, आणि तो कामावरून काढून टाकण्याहून वेगळा असतो. 1947 च्या औद्योगिक विवाद अधिनियमात असलेली आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने पुढे चालवलेली तरतूद अशी की 50 किंवा अधिक कामगारांच्या हंगामी नसलेल्या उद्योगात एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला ले-ऑफच्या काळात मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या निम्मी भरपाई मिळाली पाहिजे. वेळेवर हजर झालेल्या कामगाराला दोन तासांत काम दिले गेले नाही तर तो त्या दिवसापुरता ले-ऑफवर असल्याचे मानले जाते. बदली व नैमित्तिक कामगार या भरपाईबाहेर राहतात, आणि ठेकेदाराच्या कामगाराला ती मिळवणे प्रत्यक्षात कठीण जाते.

कामगारांनी स्वतःहून हत्यारे खाली ठेवताना मात्र सावध राहिले पाहिजे. निकटच्या धोक्याची सूचना देणे हा हक्क आहे, पण एकत्रितपणे ठरवून काम थांबवणे हा संप ठरू शकतो. औद्योगिक संबंध संहितेखाली प्रत्येक उद्योगात संपापूर्वी 14 दिवसांची नोटीस लागते आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून घेतलेली किरकोळ रजाही संपच मानली जाते. पाण्याची न्याय्य तक्रार बेकायदा संपाच्या आरोपात अडकू नये म्हणून कागद आधी आणि कृती नंतर, हा क्रम राखणे शहाणपणाचे.

कागदावरची तक्रार

पाण्याच्या तक्रारी फसतात त्या बहुधा तोंडी राहिल्यामुळे. कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीत, कोणता नळ किंवा टाकी किती तास कोरडी होती, टँकर कधी आला, पिण्याच्या जागेपासून गटार किती अंतरावर आहे, याची साधी नोंदवही आणि तारखेसह छायाचित्रे ही पहिली तयारी. त्यानंतर व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्यावा, ठेका असेल तर ठेकेदार व मुख्य नियोक्ता या दोघांनाही द्यावा, आणि प्रतीवर पोच घ्यावी. जेथे सुरक्षा समिती आहे तेथे तिच्यातील कामगार प्रतिनिधीमार्फत विषय मांडावा; मात्र नव्या सुरक्षितता संहितेत ही समिती साधारणपणे 500 कामगारांच्या, आणि धोकादायक प्रक्रिया असल्यास 250 कामगारांच्या कारखान्यातच बंधनकारक असल्याने लहान शेडमधील कामगाराला थेट निरीक्षकाकडेच जावे लागते.

छत्तीसगडमध्ये औद्योगिक स्वास्थ्य एवं सुरक्षा संचालनालय आणि महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय ही यंत्रणा कारखान्यांच्या तपासणीचे काम पाहते. नव्या व्यवस्थेत तपासणीची ठिकाणे संगणकीय पद्धतीने निवडली जाण्यावर भर असल्याने निरीक्षक आपणहून दारात येईल अशी वाट पाहण्यापेक्षा नेमकी, तारीखवार तक्रार नोंदवणे अधिक उपयोगाचे ठरते. कारखाना सार्वजनिक क्षेत्रातला असेल तर माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली ठेक्याच्या अटी मागता येतात, आणि पाणी व स्वच्छतागृह पुरवण्याची अट ठेकेदाराने सही केलेल्या करारातच असेल तर पुढचा वाद तेथेच संपतो. तक्रार केली म्हणून कामगाराला सूडबुद्धीने काढणे, बदली करणे किंवा त्याचा ठेका न वाढवणे ही अनुचित कामगार प्रथा ठरू शकते आणि तिच्याविरुद्ध स्वतंत्रपणे दाद मागता येते; महाराष्ट्रात त्यासाठी 1971 चा वेगळा कायदाच आहे.

1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेऊन रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली, तेव्हा त्या मागण्याही मालकांना अवास्तव वाटल्या होत्या. 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मिळाली आणि आज ती कोणी उपकार मानत नाही. पिण्याच्या पाण्याचा हक्क त्या मागणीच्या पुढे गेलेला आहे, कारण तो आधीच कायद्यात आहे, निकालात आहे आणि आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने जून 2022 मध्ये सुरक्षित व निरोगी कार्यस्थळ हे कामाचे मूलभूत तत्त्व म्हणून स्वीकारल्यामुळे जगाच्या मान्यतेतही आहे. उणीव आहे ती 10 पेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना त्याच्या कक्षेत आणण्याची, आणि निरीक्षकांची संख्या व दंडाची वसुली वाढवण्याची. राज्य सरकारांनी आपल्या नियमांतून ती भरून काढली पाहिजे. तोवर प्रत्येक संघटनेने आणि संघटना नसेल तेथे प्रत्येक कामगाराने उन्हाळा सुरू होण्यापूर्वीच पाण्याचा लेखी अर्ज देऊन त्याची पोच जपून ठेवावी, कारण निरीक्षकापुढे आणि न्यायालयापुढे तोंडी तक्रारीपेक्षा तोच कागद अधिक बोलतो.